नावे झाकून वाचलेले युद्ध : गोवा, डिसेंबर १९६१

सिंधुदुर्गातल्या आमच्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहाबारा माणसे जमतात. निवृत्त शिक्षक, दोघे वकील, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेली चारपाच मुले, आणि डिचोली माहेर असलेल्या एक काकी. आपण फक्त चहाची व्यवस्था बघायला येतो, असे काकी म्हणतात. युक्रेनच्या बातम्यांवरून एकदा विषय निघाला : देश युद्ध का करतात, आणि ते न्याय्य कधी म्हणायचे? या विषयावर पंधरा मिनिटांत प्रत्येक जण आपापल्या पक्षाच्या ओट्यावर जाऊन बसतो, हा अनुभव गाठीशी होता. म्हणून पुढच्या बैठकीला मी एका युद्धाची हकिकत नावे पुसून, एका पानात लिहून नेली. पान असे होते :

"देश 'क' मोठा, नव्याने स्वतंत्र झालेला, जगाला शांततेचे धडे देणारा. देश 'ख' लहान, दूरचा, हुकूमशहाच्या हाताखालचा. 'क'च्या किनाऱ्यावरचा एक चिंचोळा मुलूख साडेचारशे वर्षांपासून 'ख'कडे आहे. वस्ती सहा लाखांच्या आसपास. 'क' म्हणतो मुलूख आमचा, 'ख' बोलणीच नाकारतो. चौदा वर्षे अशी गेल्यावर एका रात्री 'क'ने त्या मुलखात फौज घातली. मोहिमेवर ४५,००० माणसे, समोर साडेतीन-चार हजार. मुलखातल्या लोकांना 'ख'ने कधी विचारले नाही, 'क'नेही नाही. दोन महिन्यांनी 'क'मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. सुरक्षा परिषदेत ११ पैकी ७ मते 'क'च्या विरुद्ध पडली. युद्ध न्याय्य की अन्याय्य?"

बहुतेकांनी अन्याय्य म्हटले. एका शिक्षकांना 'क' म्हणजे रशियाच वाटला, एका वकिलांना चीन. एक मुलगा फॉकलंड (अर्जेंटिनाने ब्रिटनकडून घेऊ पाहिलेली बेटे) म्हणाला, पण लगेच तिथली लोकसंख्या आठवून त्याने शब्द मागे घेतला. मग मी नावे सांगितली : 'क' म्हणजे भारत, 'ख' म्हणजे पोर्तुगाल, मुलूख गोवा. क्षणभर कोणी बोलले नाही, आणि पाठोपाठ तीनचार जण एकदमच म्हणाले, "छे, ते वेगळं!"

त्या "वेगळं"मध्ये खरोखरचा फरक किती आणि आपल्या माणसाची बाजू घेण्याची ओढ किती, हे वेगळे काढून बघावे म्हणून हे प्रकरण लिहिले. आमच्या बैठकीतल्या कोणाचेही नाव दिलेले नाही. इतिहासातली नावे अर्थातच दिली आहेत.

पार्श्वभूमी

अल्फोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला. तिसवाडी, बारदेस आणि साष्टी या 'जुन्या काबिजादी'. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा 'नव्या काबिजादी'चा भाग मात्र पोर्तुगीजांना १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाला. म्हणजे '४५१ वर्षांची गुलामी' हे सूत्र नकाशाच्या बऱ्याच मोठ्या भागाला लागू पडत नाही. आपली पाठ्यपुस्तके ते सरसकट लावतात. (माझ्या पानातही मी तसेच लिहिले होते. काकींनी नंतर ते मला ऐकवले.)

प्रकरणाच्या दृष्टीने साडेचारशे वर्षांपेक्षा शेवटची तीस वर्षे महत्त्वाची. लिस्बनमध्ये आंतोनियु सालाझारची राजवट आली, १९३० च्या वसाहत कायद्याने गोवेकरांचे उरलेसुरले राजकीय हक्क आक्रसले, सभेला परवानगी लागू लागली, छापायच्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉर बसला. लग्नपत्रिकासुद्धा मंजूर करून घ्यावी लागे, असे तिकडचे जुने लोक सांगतात. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहियांनी मडगावात सभेचा मनाई हुकूम मोडला, तो या गुदमरलेपणाविरुद्ध होता. भारत तेव्हा स्वतंत्रही झालेला नव्हता. गोव्याचा प्रश्न म्हणजे दिल्लीने उकरून काढलेला सीमावाद, असे म्हणणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी.

स्वातंत्र्यानंतर भारताने २७ फेब्रुवारी १९५० रोजी पोर्तुगालला बोलण्यांचा प्रस्ताव दिला. उत्तर नकाराचे होते. १९५१ मध्ये सालाझारने घटनाच बदलली : 'वसाहत' हा शब्द काढून 'सागरपारचा प्रांत' असा शब्द घातला. कागदावरचा हा एक शब्द फार कामाचा ठरला. गोवा पोर्तुगालचाच प्रांत असेल, तर बोलणी कसली करायची? जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने पोर्तुगालचा नागरी वाहतुकीचा वाट-हक्क मान्य केला, फौज आणि शस्त्रे नेण्याचा मात्र नाकारला, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही असे सांगितले.

मधल्या काळात महाराष्ट्र ढवळून निघाला होता. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. सेनापती बापट, नानासाहेब गोरे, मधु लिमये तुकड्या घेऊन हद्दीत शिरले, मार खाल्ला, गोरे आणि लिमये तुरुंगात गेले. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही एकाच दिवशी निरनिराळ्या नाक्यांवरून आत गेले. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसे मेली. बांद्याहून पुढे पत्रादेवीला आज स्मारक आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या शंभर गाड्यांतल्या दोनही तिथे थांबत नाहीत.

पेच

भारताचा दावा भक्कम होता, पण तो वटवायचा मार्ग अडलेला होता. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणे बळाचा वापर दोनच प्रसंगी चालतो : स्वतःवर सशस्त्र हल्ला झाला तर, किंवा सुरक्षा परिषदेने परवानगी दिली तर. भारतावर हल्ला झालेला नव्हता. परिषदेची परवानगीही मिळणार नव्हती, कारण पोर्तुगाल हे 'नाटो' या अमेरिका-ब्रिटन-फ्रान्सच्या लष्करी युतीचे संस्थापक सदस्य.

त्यातच नेहरूंनी दहा वर्षे जगाला सांगितले होते की वाद बोलण्यांनी सोडवावेत. पंचशील, बांडुंगची आशियाई-आफ्रिकी परिषद, सुएझवरच्या चढाईवरून ब्रिटन-फ्रान्सला दिलेला दोष हे सगळे दप्तरी नोंदलेले होते. दुसऱ्याला लावलेली फूटपट्टी आपल्यालाही लावायची का, हा खरा पेच. आमच्या बैठकीतही अडचण हीच झाली होती, फरक इतकाच की आमच्या हाती सैन्य नव्हते.

समोरचे पर्याय

थांबणे. सालाझार १९६१ मध्ये ७२ वर्षांचा होता. राजवट आज ना उद्या पडलीच असती, आणि १९७४ मध्ये ती पडलीही. पण हे आपण आज, निकाल हातात घेऊन बोलतो. १९६१ मध्ये वाट पाहायला सांगणे म्हणजे तुरुंगातल्यांना वाट पाहायला सांगणे. मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले आणि लिस्बनजवळच्या तुरुंगातून १९६९ मध्ये सुटले, तेही गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर. थांबण्याची किंमत कोण देणार, हे ठरवणारे लोक सहसा ती किंमत देत नाहीत.

सत्याग्रह. १९५५ च्या गोळीबारानंतर भारत सरकारनेच तो बंद केला. त्याची चर्चा पुढे करतो.

नाकेबंदी. यावर जरा रेंगाळावे लागेल, कारण 'शांततेचा मार्ग' म्हणून तिला सहज सोडून दिले जाते. १९५५ च्या उत्तरार्धात भारताने रेल्वे थांबवली, व्यापार थांबवला, ये-जा जवळजवळ बंद केली. सालाझारला वाकवणे हा हेतू. झाले उलटेच. पोर्तुगालने दाबोळीला विमानतळ बांधला, स्वतःची विमानसेवा सुरू केली, बटाटे हॉलंडहून, सिमेंट जपानहून आणले. जपानला लोहखनिज विकून गोव्याच्या तिजोरीत पैसा आला. घड्याळे, दारू आणि सोने उलट चोरवाटेने भारतात येऊ लागले.

आणि नाकेबंदीचा खरा जाच झाला तो सीमेच्या दोन्ही अंगांना सोयरिकी असलेल्यांना. काकी एरवी चर्चेत पडत नाहीत. या मुद्द्यावर त्यांनी चहाची किटली खाली ठेवली. "आमच्या डिचोलीच्या घरात बटाटे बोटीने यायचे, हॉलंडचे. आम्हा पोरांना त्याची मजा वाटायची. पण आजोबा वारले तेव्हा बांद्याला दिलेली आत्या येऊ शकली नाही. परवाना मिळेपर्यंत बारावं उलटून गेलं. ती आली ती थेट मुक्तीनंतर, आणि दारातच बसून रडली." डिचोली ते बांदा हे अंतर सकाळी निघून दुपारी जेवायला परत येण्याएवढे. नाकेबंदीचा हिशेब मांडताना आपण त्यात मेलेली माणसे मोजतो. ती फारशी नसतात म्हणून तिला अहिंसक म्हणतो.

न्यायालय आणि संयुक्त राष्ट्रे. डिसेंबर १९६० मध्ये महासभेने दोन ठराव केले. एकाने वसाहतवाद संपवण्याची हाक दिली. दुसऱ्याने पोर्तुगालच्या ताब्यातल्या अस्वशासित प्रदेशांची यादी केली आणि तीत गोवाही घातला. सालाझारच्या 'प्रांत' या शब्दाला जगाने दिलेले हे उत्तर होते. पण महासभेच्या ठरावाला अंमलदार नसतो.

दादरा-नगर हवेलीचा नमुना, म्हणजे स्वयंसेवक पुढे घालायचे आणि सरकारने दुसरीकडे बघायचे. गोव्यात हजारोंची फौज होती, तिथे हे चालले नसते. शिवाय मला स्वतःला हा पर्याय उघड युद्धापेक्षा कमी प्रामाणिक वाटतो.

राहिला बळाचा पर्याय. 'नाटो'चे काय, हा धाक होता. पण त्या कराराची हद्द कर्कवृत्ताशी संपते आणि गोवा कितीतरी दक्षिणेला आहे. ब्रिटनशी पोर्तुगालची जगातली सर्वांत जुनी मैत्री होती, तरी राष्ट्रकुलातल्या देशाशी ब्रिटन लढणार नाही हे उघड होते. थोडक्यात, लष्करी धोका लहान होता. बदनामीचा धोका मोठा होता.

मग १९६१ च्या डिसेंबरातच का?

कारण तर १९४७ पासून तेच होते. १९५५ मध्ये माणसे मेली तेव्हा ते आणखी तीव्र होते, आणि त्या वेळी सरकारने हात आखडला. म्हणजे कारण युद्ध घडवते, पण युद्धाची तारीख कारणातून येत नाही. ती दुसरीकडून येते.

१९६१ मध्ये ती अशी आली. वर्षाच्या सुरुवातीला अंगोलात उठाव झाला आणि पोर्तुगालने तो निर्दयपणे चिरडला. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद झाला, तिथे आफ्रिकी नेत्यांनी भारताला चुचकारले आणि टोचलेही : तुमच्या अंगणातली वसाहत तुम्हाला हलवता येत नाही, मग आम्ही कोणाकडे बघायचे? नोव्हेंबरमध्ये कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला, आणि त्याच सुमारास एक मच्छीमार मारला गेला. चीनच्या सीमेवरून १९५९ पासून सरकारवर मवाळपणाचा आरोप होत होता. आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये निवडणूक होती. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते. मुंबईत गोवेकर किती, हे मुंबईकराला सांगायला नको.

निवडणुकीमुळे युद्ध झाले असे मी म्हणत नाही. निवडणुकीमुळे युद्ध टाळणे महाग झाले. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण चालू असले तरी कुऱ्हाड बाहेर निघते ती घरात लग्न असताना, चार लोक बघत असताना. राष्ट्रांचेही असेच काहीसे असते.

काय केले

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सैन्य बेळगाव आणि सावंतवाडीच्या बाजूला जमले. अमेरिकेचे राजदूत गालब्रेथ नेहरूंना भेटून थांबण्याचा आग्रह करत राहिले. संयुक्त राष्ट्रांचे हंगामी महासचिव ऊ थांट यांनीही दोन्ही बाजूंना बोलण्यांचे आवाहन केले. हल्ल्याची तारीख पुढे ढकलली गेली, पण बेत बदलला नाही.

१७ डिसेंबरची मध्यरात्र उलटल्यावर मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखालच्या फौजा पूर्वेकडून आणि उत्तरेकडून आत शिरल्या. ५० वी पॅराशूट ब्रिगेड दोडामार्गाच्या अंगाने निघाली. तिला दुय्यम काम दिलेले होते, पण ती इतक्या वेगाने सरकली की पणजीला सर्वांत आधी तीच पोचली. वायुदलाने दाबोळीची धावपट्टी फोडली, इमारती शाबूत ठेवल्या. त्या रात्री दोन प्रवासी विमाने उखडलेल्या धावपट्टीवरूनच उडाली आणि अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना घेऊन कराचीला पोचली. मुरगाव बंदरात पोर्तुगीजांची एकच मोठी लढाऊ बोट होती. भारतीय फ्रिगेटांनी ती निकामी केली. तिचे नाव 'अल्फोन्सो द अल्बुकर्क'. अंजदीववर मात्र पांढरे निशाण दिसल्यावर पुढे गेलेल्या नौसैनिकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि नौदलाचे सात जण गेले.

पोर्तुगीजांचा सगळा बचाव पूल उडवत मागे सरण्याचा होता. डिचोलीचा पूल पहाटे उडाला. काकी नऊ वर्षांच्या होत्या. "कौलं खणखणली, आईने आम्हाला माजघरात कोंडलं. उजाडल्यावर वडील बाहेर गेले नि परत आले. म्हणाले, पाव मिळणार नाही आज, पोदेर पलीकडे अडकलाय." स्वातंत्र्याची पहिली बातमी त्यांच्या घरी अशी आली.

दुसरा निर्णय पोर्तुगीज बाजूचा होता, आणि तो मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. १४ डिसेंबरला सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाला संदेश धाडला : शरणागती नाही, पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी नाही तर मृत. आठ दिवस तरी तग धरावा, म्हणजे जगात बोंब मारायला वेळ मिळेल, हा हिशेब. गव्हर्नरकडे रणगाड्यांशी लढायला दारूगोळाच नव्हता. त्याने सांकेतिक भाषेत 'सॉसेज' मागवले आणि लिस्बनने खरोखरच सॉसेजेस पाठवले, असा किस्सा सांगतात. खरा असो नसो, त्या राजवटीला तो शोभतो. वासालो ई सिल्वाने वास्तू उडवण्याचे हुकूम पाळले नाहीत आणि १९ डिसेंबरच्या संध्याकाळी शस्त्रे खाली ठेवली. गोवा, दमण, दीव मिळून दोन्हीकडची पन्नास-साठ माणसे मेली. हा आकडा लहान राहिला याचे श्रेय आपण भारतीय सैन्याच्या शिस्तीला देतो, आणि ते रास्तच आहे. पण त्यातला मोठा वाटा हुकूम मोडणाऱ्या या माणसाचाही आहे. पोर्तुगालने त्याला सैन्यातून काढून टाकले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचे पद परत मिळाले.

निष्पत्ती

न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद १८ तारखेलाच बसली. भारताचे प्रतिनिधी चंद्रशेखर झा यांनी युक्तिवाद केला की आपल्याच भूमीवर आक्रमण करता येत नाही, वसाहत हेच चालू असलेले आक्रमण आहे, आणि सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो, भारत हे मागे घेणार नाही. या शेवटच्या वाक्याने सभागृहातले मित्रही चपापले असणार. अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन म्हणाले की या संस्थेच्या मृत्यूने संपू शकेल अशा नाटकाचा पहिला अंक आज आपण पाहतो आहोत. युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावाच्या बाजूने सात, विरुद्ध चार. सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. घरातही राजगोपालाचारींनी, लष्करवादाविरुद्ध बोलण्याचे नैतिक बळ भारताने गमावले, अशी टीका केली. तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

स्टीव्हन्सन यांचा कांगावा होता असे आपल्याकडे म्हणतात. पण एक तारीख बघा. १९ डिसेंबर १९६१, गोव्यात शरणागती झाली तोच दिवस. त्याच दिवशी योग्यकार्तात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांनी डचांच्या ताब्यातला पश्चिम इरियन, म्हणजे न्यू गिनी बेटाचा पश्चिम भाग, घेण्याची हाक दिली. ती हाक गोव्यामुळे दिली असे नव्हे, तिची तयारी आधीची. पण वसाहतीची सीमा, जुना अन्याय आणि जवळचा देश एवढे पुरावे असले की फौज घालता येते, हा दाखला आता शेल्फावर होता, आणि तो कोणीही उचलू शकत होते.

पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते थेट १९७४ च्या अखेरीस. युद्धकैदी मे १९६२ पर्यंत परत गेले. कँडेथ सहा महिने लष्करी गव्हर्नर राहिले, डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनपुढे जे झाले त्याच्याशी गोव्याच्या सोप्या विजयाचा धागा जोडतात. थोडा असेल. मी तो ताणणार नाही.

कुठे वेगळे करता आले असते

सर्वांत आधी पोर्तुगालने. त्यासाठी पुदुच्चेरीकडे बघावे. दावा करणारा देश तोच, काळ तोच, समोर मात्र फ्रान्स. १९४९ मध्ये चंद्रनगरात मतदान झाले. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये पुदुच्चेरीच्या लोकप्रतिनिधींनी कीळूर इथे मतदान केले, १७८ पैकी १७० विलीनीकरणाच्या बाजूने, आणि १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला. फ्रेंच भाषेला, शाळांना करारात जागा मिळाली. युद्ध झाले नाही. सालाझारने १९५० मध्ये बोलणी केली असती तर पोर्तुगीज भाषा, चर्चची मालमत्ता, नागरिकत्व या सगळ्यावर तो घसघशीत अटी घालू शकला असता. त्याने सगळे मागितले, म्हणून हाती काही उरले नाही. "अखेरचा उपाय" ही कसोटी लावायची तर त्याआधीचे उपाय बंद करणारा कोण, हे पाहावे लागते. कृष्णशिष्टाई फसली तेव्हा दोष कोणाचा, यावर आपल्याकडे दुमत नाही. इथेही नसावे.

दुसरे, १९५५. सरकारने सत्याग्रह थांबवला तो हिंसा टाळायला, हे मान्य. पण सत्याग्रहींना हद्दीपर्यंत जाऊ द्यायचे, गोळ्या खाऊ द्यायच्या आणि मग हद्द बंद करायची, यात ना अहिंसेचे धोरण होते ना बळाचे. त्याच वेळी मृत्यूंचा प्रश्न घेऊन संयुक्त राष्ट्रांत जोरकस जाता आले असते का? पोर्तुगालला सदस्यत्व त्याच डिसेंबरमध्ये मिळाले. जगाचे लक्ष तेव्हा वेधता आले असते, असे मला वाटते. बैठकीतल्या वकिलांना वाटत नाही.

तिसरे, भारताने कारणे बदलत ठेवली. आधी अंजदीवचा गोळीबार, मग सीमेवरचा त्रास, मग गोव्यातला अंमल कोसळल्याचा दावा, मग वसाहतवाद. खरे कारण शेवटचे होते आणि तेच सर्वांत बळकट होते. एका मच्छीमाराच्या मृत्यूसाठी कोणी ४५,००० माणसे हलवत नाही हे जगाला कळत होते. चिल्लर कारणे पुढे केल्याने मोठी नोटही खोटी वाटू लागली.

चौथे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पोर्तुगाल असताना गोव्यात मतदान शक्य नव्हते, हे खरेच. पण २० डिसेंबरपासून अडथळा गेला होता. पुदुच्चेरीत आणि चंद्रनगरात जे मान्य केले ते इथे का नाही? एखाद्या वर्षात, निरीक्षक बोलावून, भारतात यायचे की नाही असा सरळ कौल घेतला असता, तर तो मोठ्या फरकाने भारताकडे गेला असता याविषयी मला शंका नाही. मग स्टीव्हन्सन यांना उत्तर द्यायला सोव्हिएत नकाराधिकार लागला नसता. तेवढेच नव्हे, फौज घालून आधी आणि विचारून नंतर, निदान विचारून तरी, असा दाखला शेल्फावर गेला असता.

गोवेकरांना कौल विचारला गेला, पण दुसऱ्याच प्रश्नावर आणि पाच वर्षांनी. १६ जानेवारी १९६७ : महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? आम्हा मराठी लोकांना उत्तर आधीच माहीत होते. विलीनीकरणवादी बांदोडकर १९६३ मध्ये निवडून आले होते, पुण्या-मुंबईचे पुढारी प्रचाराला उतरले होते. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, केंद्रशासित राहण्याला १,७२,१९१. मोकळे केलेल्या लोकांच्या मनात काय आहे हे आपल्याला ठाऊक असते, अशी ज्यांची खात्री असते त्यांनी ही फरकाची ३४,०२१ मते जवळ ठेवावीत. त्यात आम्हीही आलो.

मग "ते वेगळं" होते का? कारणाच्या बाबतीत, होय. सालाझारची राजवट, बोलण्यांना दिलेला नकार, पत्रादेवीचा गोळीबार या गोष्टी माझ्या एका पानात बसल्या नव्हत्या, आणि त्या निर्णायक आहेत. वेळेच्या बाबतीत फारसे नाही. लोकांना विचारण्याच्या बाबतीत मुळीच नाही. बैठकीच्या शेवटी मी पुन्हा हात वर करायला सांगितले. या वेळी बहुतेकांनी न्याय्य म्हटले. त्या फॉकलंडवाल्या मुलाने हात वर केला नाही, विरुद्धही केला नाही. काकी कप गोळा करत होत्या. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "माझी आत्या आली ना घरी. मी कशाला नाही म्हणू?"

पुढच्या महिन्यासाठी नवे पान तयार आहे. देश 'क' मोठा, वसाहतवादातून सुटलेला. शेजारी, त्याच बेटाच्या अर्ध्या भागात, पोर्तुगालचा उरलेला मुलूख. एका डिसेंबरमध्ये 'क'ने फौज घातली. या पानात एक ओळ जास्त आहे : लोकांना चोवीस वर्षांनी विचारले, ७८.५ टक्क्यांनी 'क' नको म्हटले. ती ओळ आधी दाखवायची की शेवटी, हे अजून ठरलेले नाही.